बर्फ, पाणी आणि कार्बन : अलास्काच्या उत्तर उतारावरील टुंड्राचा प्रकरण अभ्यास

टुंड्रातील कार्बनची चर्चा सहसा तापमानापासून सुरू होते. थंडीमुळे कुजण्याची क्रिया मंद राहिली, त्यामुळे हजारो वर्षांत कार्बन साठत गेला आणि आता तापमान वाढल्यामुळे तो सुटू लागेल, अशी ही मांडणी आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. एकाच उन्हाळ्यात, जवळजवळ सारख्याच तापमानाला, परस्परांपासून काही मीटरवर असलेल्या जमिनीच्या दोन तुकड्यांतून वेगवेगळे वायू वेगवेगळ्या प्रमाणात बाहेर पडताना मोजले गेले आहेत. हा फरक बहुतांशी पाण्यामुळे पडतो. पाणी कोठे साचले आहे, पृष्ठभागापासून किती खोल आहे आणि द्रव आहे की बर्फ, यावर तेथील कार्बनचा हिशेब ठरतो. हे संबंध ज्या थोड्या ठिकाणी दशकानुदशके तपासले गेले आहेत, त्यांपैकी अलास्काचा उत्तर उतार हे एक प्रमुख ठिकाण असल्याने त्याचे प्रकरण येथे घेतले आहे.

प्रदेश

ब्रूक्स पर्वतरांगेपासून उत्तरेकडे ब्यूफोर्ट आणि चुक्ची समुद्रांपर्यंत उतरत जाणारा हा प्रदेश तीन पट्ट्यांत विभागता येतो. दक्षिणेला डोंगर, मध्ये कॉटनग्रासच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या टेकड्या आणि उत्तरेला तळ्यांनी व्यापलेले सपाट किनारी मैदान. कुपारुक नदी टेकड्यांच्या पट्ट्यात उगम पावून मैदानातून समुद्राला मिळते, त्यामुळे तिच्या खोऱ्यात दोन्ही प्रकारची भूमी अभ्यासता येते. टेकड्यांच्या भागात टूलिक तळ्याकाठी अलास्का विद्यापीठाचे संशोधन केंद्र १९७५ पासून आहे. किनाऱ्यावर प्रुडो बे येथे १९६८ मध्ये प्रचंड तेलसाठा सापडला. वायव्येच्या टोकाला उत्कियागविक हे इनुपियात लोकांचे गाव आहे. २०१६ पर्यंत त्याचे अधिकृत नाव बॅरो होते, आणि जुन्या शोधनिबंधांत ते त्याच नावाने आढळते.

उत्कियागविकमध्ये हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही आणि मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो मावळत नाही. किनाऱ्यावर बर्फ आणि पाऊस मिळून वर्षाला १५० मिलिमीटरपेक्षाही कमी पाणी पडते. केवळ पर्जन्याच्या आकड्यावरून वर्गीकरण करायचे झाले, तर हा प्रदेश वाळवंटात मोडेल. तरीही जुलैमध्ये विमानातून पाहिले असता जमिनीपेक्षा पाणीच अधिक आहे की काय असे वाटते, कारण पडलेल्या थोड्या पाण्याला खाली मुरण्यास वाव नाही आणि थंड हवेत बाष्पीभवनही मर्यादित राहते.

पाण्याची वाट

जमिनीखाली कायमस्वरूपी गोठलेला थर, म्हणजे पर्माफ्रॉस्ट आहे. प्रुडो बे परिसरात तो ६०० मीटरपेक्षा अधिक खोल जातो. उन्हाळ्यात त्याच्या वरचा साधारण ३० ते ६० सेंटिमीटरचा सक्रिय थर तेवढा वितळतो आणि शरद ऋतूत पुन्हा गोठतो. समशीतोष्ण प्रदेशात पावसाचे पाणी जमिनीत मुरून खोल भूजलाला मिळते आणि महिनोन् महिने हळूहळू नद्यांना पुरवले जाते. येथे हा संपूर्ण टप्पा जवळजवळ गाळलेला आहे. जलचक्राचे सारे व्यवहार हातभर जाडीच्या मातीत, तेही वर्षातील तीन-चार महिन्यांत उरकावे लागतात.

त्यामुळे नद्यांचे वर्षही विलक्षण असते. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून पडलेला बर्फ सात-आठ महिने जागच्या जागी साठून राहतो, आणि मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला तो एक-दोन आठवड्यांत वितळतो. त्या वेळी खालची जमीन अजून पूर्ण गोठलेली असते, म्हणून वितळलेले पाणी मातीत न शिरता थेट ओढ्यांकडे धावते. किनारी मैदानातील छोट्या नद्यांचा वर्षभराचा बहुतेक प्रवाह या एकाच पुरात वाहून जातो. जे पाणी मागे राहते ते तळी, दलदल आणि बहुभुजांच्या, म्हणजे जमिनीवर उमटलेल्या अनेक बाजूंच्या आकृत्यांच्या, खळग्यांत अडकते. पुढे उन्हाळ्यात या साठ्यांची पातळी बाष्पीभवनाने घटत जाते, आणि नंतर पडणारा पाऊस आधी ती तूट भरतो. म्हणून ऑगस्टमध्ये चांगला पाऊस होऊनही मैदानातील ओढ्याला पाणी वाढलेले दिसत नाही.

या बहुभुजांकडे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण पुढील सारा युक्तिवाद त्यांच्या काठांवर उभा आहे. कडाक्याच्या हिवाळ्यात जमीन आकुंचन पावून तडकते, वसंतात त्या भेगांत वितळलेले पाणी शिरून गोठते, आणि शेकडो-हजारो वर्षे ही क्रिया त्याच भेगेत घडत राहिल्याने जमिनीत बर्फाच्या उभ्या पाचरी तयार होतात. अर्नेस्ट लेफिंगवेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच किनाऱ्यावर राहून या प्रक्रियेचे स्पष्टीकरण दिले आणि ते आजही मूलतः मान्य आहे. पाचर वाढताना दोन्ही बाजूंची माती वर ढकलली जाते. त्यामुळे चारही बाजूंनी बांध आणि मध्ये खळगा अशी रचना तयार होते, आणि खळग्यात पाणी साचते. पाचरीचा माथा वितळला की मात्र सारे उलटते. बांधाच्या जागी चर तयार होतो, मधला भाग उंचवटा ठरतो, आणि चर एकमेकांना जोडले गेले की खळग्यातील पाणी वाहून जाते. अॅना लिल्येदाल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आर्क्टिकच्या अनेक ठिकाणांवरून दाखवले, की पाचरींचा हा ऱ्हास व्यापक आहे आणि काही दशकांच्या आत घडतो आहे. जमीन केवळ काही डेसिमीटर खचली तरी एखाद्या सपाट मैदानाचा निचरा पूर्ण बदलू शकतो. उंचसखलपणाच मुळात इतका अल्प असतो, की बोटभर उतारही पाण्याची दिशा ठरवतो.

कार्बन कोठे आणि कसा अडकतो

टुंड्रातील वनस्पती फारसा कार्बन पकडत नाहीत. वाढीचा हंगाम अपुरा, नायट्रोजन आणि फॉस्फरस दुर्मीळ, झाडांचा पत्ता नाही. तरीही उत्तरेकडील पर्माफ्रॉस्ट प्रदेशांच्या मातीत १,४०० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन असल्याचा अंदाज आहे, म्हणजे वातावरणात आज असलेल्या कार्बनच्या सुमारे दुप्पट. आवक तुटपुंजी असूनही एवढा साठा झाला, कारण जावक त्याहून कमी राहिली. मॉस, गवताची मुळे आणि पाने पूर्ण कुजण्याआधीच पाण्यात बुडाली किंवा वाढत्या मातीच्या थराखाली जाऊन गोठली.

पाण्यात बुडणे आणि गोठणे हे दोन वेगळे अडथळे आहेत. गोठलेल्या मातीत सूक्ष्मजीवांना द्रव पाणीच मिळत नाही, म्हणून कुजण्याची क्रिया जवळजवळ थांबते. पाण्याने तुडुंब भरलेल्या मातीत सूक्ष्मजीव जिवंत आणि कार्यरत असतात, पण तेथे ऑक्सिजन पोहोचत नाही. तेथे कुजणे मंदावते आणि काही कार्बन मिथेनच्या रूपात सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनचा प्रत्येक किलो कार्बन डायऑक्साइडच्या किलोपेक्षा सुमारे २८ पट अधिक उष्णता अडवतो. मिथेन वर येताना निचरा झालेल्या, हवेशीर थरातून गेला, तर तेथील मिथेनभक्षी जिवाणू त्याचा बराचसा भाग वापरून टाकतात. पण दलदलीतील कॅरेक्स जातीच्या लव्हाळ्यांच्या पोकळ ऊती मुळांपासून पानांपर्यंत जणू नळीचे काम करतात, आणि त्यातून मिथेन हा थर टाळून सरळ हवेत निसटतो.

याचा अर्थ असा, की बहुभुजाच्या खळग्यात पाणी भरलेले असेल तर कार्बन हळू पण अधिक घातक रूपात सुटतो. चर खोल होऊन खळगा कोरडा झाला तर मिथेन घटतो, मात्र ऑक्सिजन मिळाल्याने जुने पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा साठा) वेगाने कुजून कार्बन डायऑक्साइड वाढतो. आणि त्याच वेळी नव्याने खचलेल्या चरांत पाणी साचून तेथे मिथेनची नवी ठिकाणे तयार होतात. ‘टुंड्रा वितळला की मिथेनचा स्फोट होणार’ हे सरसकट विधान मला म्हणूनच पटत नाही. वितळल्यानंतर जमीन ओली होणार की कोरडी, हे सांगितल्याशिवाय त्या विधानाला फारसा अर्थ राहत नाही.

पाण्यातून जाणारा कार्बन

जमिनीवरून हवेत जाणारे वायू मोजले की हिशेब पूर्ण झाला, अशी समजूत १९८० च्या दशकापर्यंत रूढ होती. टूलिक परिसरातील तळी आणि ओढ्यांची तपासणी करून जॉर्ज क्लिंग आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये या समजुतीतील मोठी त्रुटी दाखवली. बहुतेक तळ्यांतील पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हवेशी समतोल राखण्यासाठी लागते त्यापेक्षा कितीतरी अधिक होते, आणि तो वायू सतत बाहेर पडत होता. हा कार्बन तळ्यात तयार झालेला नव्हता, तर मुख्यतः आजूबाजूच्या मातीत कुजून सक्रिय थरातील पाण्याबरोबर झिरपत आलेला होता. म्हणजे मातीवर ठेवलेल्या उपकरणात जो कार्बन जमिनीत टिकून आहे असे दिसत होते, त्यातील एक हिस्सा काही अंतरावरील तळ्यातून वातावरणात जात होता.

याचे पुढचे पान रोझ कोरी यांच्या गटाने २०१४ मध्ये लिहिले. मातीतून आलेला विरघळलेला सेंद्रिय कार्बन पाण्यात नेमका कशामुळे बदलतो, याचा शोध घेताना त्यांना आढळले, की टूलिकजवळील तळी आणि नद्यांच्या पाण्यात होणाऱ्या या रूपांतराचा ७० ते ९५ टक्के भाग सूर्यप्रकाशामुळे घडतो आणि जिवाणूंचा वाटा त्यापुढे लहान आहे. या उथळ, सावली नसलेल्या पाण्यावर उन्हाळ्यात चोवीस तास ऊन पडते, हे ध्यानात घेतले तर हा निष्कर्ष तितकासा आश्चर्यकारक वाटत नाही. मात्र त्यामुळे सक्रिय थरातून किती पाणी कोणत्या वेळी ओढ्यात उतरते, या जलशास्त्रीय प्रश्नाला कार्बनच्या हिशेबात मध्यवर्ती स्थान मिळाले.

हिरवाई वाढली म्हणजे कार्बन वाढला काय?

१९४० च्या दशकात टिपलेल्या जुन्या हवाई छायाचित्रांची नव्या छायाचित्रांशी तुलना करून मॅथ्यू स्टर्म आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले, की उत्तर उतारावर भूर्ज, विलो आणि आल्डरची झुडपे वाढली आणि पसरली आहेत. झुडपे अधिक म्हणजे कार्बन अधिक पकडला जाणार, अशी अपेक्षा साहजिक होती. पण टूलिक येथे १९८१ पासून चालू असलेल्या एका खतप्रयोगाने वेगळेच चित्र समोर आणले. नायट्रोजन आणि फॉस्फरस दिलेल्या वाफ्यांत वीस वर्षांत झुडपांनी गवताची जागा घेतली आणि जमिनीवरील वाढ सुमारे दुप्पट झाली. तरीही माती खोदून केलेल्या आणि मिशेल मॅक व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार संपूर्ण परिसंस्थेने दर चौरस मीटरला जवळजवळ २ किलो कार्बन गमावलेला होता. वर जे कमावले त्याहून अधिक खोल मातीतून गेले.

झुडपांचा पाण्याशी असलेला संबंधही गुंतागुंतीचा आहे. ती वाऱ्याने उडणारा बर्फ अडवतात, त्यामुळे त्यांच्या पायाशी बर्फाचा थर जाड होतो. जाड बर्फ जमिनीतील उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून हिवाळ्यात तेथील माती उघड्या जागेपेक्षा उबदार राहते. उन्हाळ्यात मात्र त्यांची सावली मातीचे तापमान कमी ठेवते. शिवाय बर्फावर डोकावणाऱ्या गडद फांद्या अधिक ऊन शोषतात आणि वितळण लवकर सुरू होते.

हिवाळा

अंधाऱ्या, गोठलेल्या महिन्यांत कार्बनचे व्यवहार बंद असतात, असे मानून बरीच वर्षे मोजमापे केवळ उन्हाळ्यात होत असत. त्यात सोयीचाही भाग होता, कारण उणे ३० अंशांवर उपकरणे चालवणे सोपे नसते. पण शरद ऋतूत सक्रिय थर वरून आणि खालून गोठू लागतो, तेव्हा पाणी गोठताना सुटणारा अप्रकट उष्मा मधल्या थराचे तापमान शून्याच्या आसपास कित्येक आठवडे रोखून धरतो. हवेत कडाक्याची थंडी असतानाही त्या थरात द्रव पाणी आणि जिवंत सूक्ष्मजीव असतात. डोनाटेला झोना आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उत्तर उतारावरील निरीक्षण-मनोऱ्यांच्या आधारे सांगितले, की वर्षभरातील मिथेन उत्सर्जनाचा किमान निम्मा भाग सप्टेंबर ते मे या थंड काळातील असतो. २०१७ मध्ये रोशीन कोमेन यांच्या गटाने बॅरो येथील दीर्घकालीन नोंदींवरून दाखवले, की ऑक्टोबर ते डिसेंबरमधील कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन १९७५ पासून सुमारे ७३ टक्क्यांनी वाढले आहे.

उन्हाळा थोडा लांबल्याने वनस्पतींना मिळणारा लाभ प्रकाशाच्या उपलब्धतेने मर्यादित असतो. ऑक्टोबरमध्ये जमीन वितळलेली राहिली तरी सूर्य क्षितिजाजवळ असल्याने प्रकाशसंश्लेषण होत नाही. सूक्ष्मजीवांना अशी अट नाही. या विषमतेचा इशारा वॉल्टर ओशेल आणि सहकाऱ्यांच्या १९९३ मधील निबंधात आधीच होता. उत्तर उतारावरील टुंड्रा कार्बन शोषणारा न राहता सोडणारा बनू लागल्याचे त्यात म्हटले होते. अमेरिकेच्या सागरी व वातावरणीय प्रशासनाच्या डिसेंबर २०२४ मधील आर्क्टिक अहवालाने संपूर्ण आर्क्टिक टुंड्राबाबत, वणवे धरून, तसाच निष्कर्ष मांडला आहे.

अनाक्तुवुक नदीचा वणवा

१६ जुलै २००७ रोजी टूलिकच्या वायव्येस वीज पडून आग लागली. असा वणवा सामान्यतः काही दिवसांत विझतो, कारण जमीन ओली असते. त्या वर्षी उन्हाळा असाधारण कोरडा आणि उबदार होता, मॉस आणि पीटचा वरचा थर वाळलेला होता, आणि आग ऑक्टोबरच्या सुरुवातीला बर्फ पडेपर्यंत धुमसत राहिली. १,०३९ चौरस किलोमीटर क्षेत्र जळाले. मॅक आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील गणनेनुसार सुमारे २१ लाख टन कार्बन वातावरणात गेला. दर चौरस मीटरला हे नुकसान साधारण २ किलो भरते. खतप्रयोगात जेवढी घट होण्यास वीस वर्षे लागली, तेवढी येथे तीन महिन्यांत झाली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत संपूर्ण आर्क्टिक टुंड्रा सरासरीने वर्षाला जेवढा कार्बन शोषत असे, त्याच्या बरोबरीचे हे प्रमाण असल्याचेही त्यांनी नोंदवले.

गवत काही वर्षांत परतले आणि उपग्रहाच्या चित्रांत तो भाग पुन्हा हिरवा दिसू लागला. पण आगीने मॉसचे आच्छादन नेले होते. तेच उन्हाळ्यातील उष्णतेपासून खालच्या बर्फाचे रक्षण करत असे. आच्छादन गेल्यावर सक्रिय थर खोल गेला, बर्फाने समृद्ध असलेल्या भागांत पाचरी वितळल्या आणि पुढील वर्षांत जमीन खचत गेली. आगीचा परिणाम अशा रीतीने आधी कार्बनवर, मग निचऱ्यावर आणि त्या वाटेने पुन्हा कार्बनवर झाला.

तेल

प्रुडो बेपासून वाल्डीझ बंदरापर्यंत सुमारे १,२८८ किलोमीटर लांबीची ट्रान्स-अलास्का पाइपलाइन १९७७ मध्ये सुरू झाली. जमिनीतून निघणारे तेल गरम असते. नळ पुरला असता तर सभोवतालचा बर्फ वितळून तो खचला असता, म्हणून अर्ध्याहून अधिक लांबीत तो खांबांवर उचलला आहे. अनेक खांबांत अमोनिया भरलेल्या शीतनलिका आहेत. हिवाळ्यात अमोनिया तळाशी जमिनीची उष्णता घेऊन वायुरूप होतो, वर हवेत ती सोडून पुन्हा द्रव होऊन खाली उतरतो, आणि जमीन अधिक थंड होते. हवा जमिनीपेक्षा उबदार झाली की हे चक्र आपोआप थांबते.

रस्ते आणि तेलविहिरींचे तळ दीड ते दोन मीटर जाडीच्या खडीच्या भरावावर उभारले जातात. भराव खालचा बर्फ राखतो, पण तो मैदानावरून पसरत जाणाऱ्या पाण्याला बांधासारखा आडवा येतो. मोऱ्या अपुऱ्या पडल्या किंवा गोठून बंद झाल्या, की एका बाजूला तळे आणि दुसऱ्या बाजूला कोरडी जमीन अशी विभागणी होते. रस्त्याची धूळ बर्फावर बसून वितळण लवकर घडवते. हिवाळ्यात तळ्यांचे पाणी उपसून बर्फाचे तात्पुरते रस्ते बनवतात. ही पद्धत खडीपेक्षा निश्चितच सौम्य आहे, पण तिला पुरेशी गोठलेली जमीन लागते. टुंड्रावर जड वाहनांना परवानगी असलेले दिवस १९७० च्या दशकात वर्षाला २०० हून अधिक होते आणि २००० च्या सुमारास ते जवळपास १०० वर आले होते.

हे सारे स्थानिक परिणाम खरे असले, तरी कार्बनच्या हिशेबात ते किरकोळ आहेत. या नळातून आजवर १८ अब्ज बॅरलपेक्षा अधिक तेल गेले आहे. एक बॅरल जाळल्यावर सुमारे ०.४३ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हा प्रचलित गुणक धरला तर ही रक्कम ७.७ अब्ज टनांच्या, म्हणजे शुद्ध कार्बनच्या रूपात सुमारे २.१ अब्ज टनांच्या आसपास जाते. सर्व तेल जाळलेच गेले असे नाही, म्हणून हा आकडा ढोबळ वरची मर्यादा समजावा. तरीही तो अनाक्तुवुकच्या एक हजार वणव्यांइतका होतो. खांबांतील शीतनलिकांनी नळाखालचा बर्फ राखला, आणि त्याच नळातून गेलेल्या तेलाने वातावरण तापवण्यात आपला वाटा घातला. अभियांत्रिकी म्हणून पहिली गोष्ट वाखाणण्याजोगी आहे, आणि मला वाटते, याच कारणाने दुसरी झाकली जाते.

मार्च २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने प्रुडो बेच्या पश्चिमेस विलो या नव्या तेलप्रकल्पाला मंजुरी दिली. त्याच्या पर्यावरणीय आढाव्यात तीस वर्षांतील उत्सर्जन सुमारे २४ कोटी टन कार्बन डायऑक्साइड धरले आहे, जे वरील गणिताने साधारण तीस अनाक्तुवुक वणव्यांइतके होते. बर्फाने भरलेली जमीन खचू नये म्हणून तेथेही शीतनलिकांची योजना आहे. त्यांचा प्रभाव नलिकांभोवतीच्या काही मीटरपुरता असतो. बाहेरच्या बहुभुजांतील पाचरी, त्यांच्यामधील खळगे आणि त्यांतून ओढ्यांकडे जाणारे पाणी या व्यवस्थेत कोठेही येत नाही.